मावशी आंघोळीला गेल्यात

कडीमावशींची बेल दाबली तेव्हा मी तरुण होतो. दार उघडलं तेव्हा माझे कल्ले पांढरे झाले होते. तळमजल्यावर त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो आणि मला फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर हवा होता. आतून आधी अडसर सरकला, मग वरची कडी, मग खालची, मग एक कुलूप, मग असं काही खडखडलं की मला वाटलं, जहाजाचा नांगर उचलतायत. शेवटी साखळीपुरती फट पडली आणि फटीत एक डोळा आला.

"कोण?"

"समोरचा."

"समोरचे सोडून गेले."

"मी नवा समोरचा."

"कशावरून?"

पुरावा म्हणून मी माझं उघडं दार दाखवलं. डोळा मोठा झाला. "दार सताड टाकून आलात? आधी लावून या, मग बोलू."

मी आज्ञाधारकपणे जाऊन दार ओढून घेतलं. किल्ली आत होती. बायको बाहेर टेम्पोवाल्याशी भांडत होती. किल्लीवाला येईपर्यंतची दुपार आम्ही मावशींच्या पुढच्या खोलीत, गणवेशांच्या आणि पडद्यांच्या ढिगात बसून काढली. तेव्हापासून मी त्यांचा 'समोरचे' झालो तो कायमचा.

मावशी शिवणकाम करायच्या. पूर्वी कधीतरी त्या दोरे आणायला गेल्या असताना चोराने त्यांचं शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड लांबवलं होतं. चोर आला मागच्या दाराने आणि शिक्षा झाली पुढच्या दाराला. दर दिवाणखान्यात एखादा शोभेचा कोपरा असतो, तसा मावशींकडे कड्यांचा होता. मागच्या दाराला मात्र तीच जुनी कडी आणि तिला टेकवलेली खुर्ची. त्या चोरीनंतर मावशी एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या.

आणि आता परगावी मुलीला दिवस गेले होते. नववा लागला तरी मावशी "बघू" म्हणत होत्या. मुलगी विमा कंपनीत घरफोडीचे दावे तपासायची, त्यामुळे आईचं दुखणं तिला बरोबर कळत होतं.

"आई," ती फोनवर म्हणाली, "तुझी साखळी निघेपर्यंत बाळ थांबणार नाही. आधी मागचं दार नीट कर. मग पुढची चौकट. कुलपं आता पुरे."

"चौकटीला काय झालंय?"

सुताराने येऊन चौकटीवर बोटाने टकटक केलं आणि भुसा गळला. "मावशी, वाळवी. चोराने धक्का दिला की तुमची सगळी कुलपं एकमेकांचे हात धरून सुखरूप आत पडतील."

मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या. मागे जाड लाकडाचं दार आलं, त्याच्या बाहेर लोखंडी जाळी आली, पुढे नवी चौकट आली आणि तिचे लांबलचक स्क्रू थेट भिंतीत गेले. "आता हत्ती आणा," सुतार म्हणाला.

मुलीची शेवटची सूचना होती, जाताना गावभर सांगू नकोस. ती मावशींनी जरा जास्तच मनावर घेतली. किल्ली फक्त माझ्याकडे. मी पेपर उचलायचा, दिवे लावायचे आणि घर भरलेलं वाटावं म्हणून रोज थोडा वेळ मशीन चालवायचं.

"कुणी विचारलं तर?"

"आंघोळीला गेल्यात म्हणा. बाहेर गेल्यात म्हणालात तर चोराला पत्ता दिल्यासारखं होईल."

"आणि आंघोळ झाल्यावर?"

"जास्त डोकं चालवू नका, समोरचे."

बॅग घेऊन निघाल्या आणि वाटेत भेटेल त्याला "येते हं" म्हणाल्या. आपल्याकडे जाणारा माणूस 'येतो'च म्हणतो, त्यामुळे त्या कोपऱ्यावर चालल्यात की महिन्यासाठी, कुणाला पत्ता लागला नाही. जेमतेम पोचल्या आणि नात झाली.

इकडे मशीनचा आवाज ऐकून गिऱ्हाइकं येऊ लागली. पडदेवाल्या बाईंना मी सांगितलं, आंघोळीला गेल्यात. संध्याकाळी गणवेशवाल्यांनाही तेच. दुसऱ्या दिवशी पडदेवाल्या परत आल्या.

"अजून आंघोळच?"

"केस धुतायत."

आठवडाभर मावशी बाथरूममध्ये होत्या. मग एका दुपारी ऑफिसात फोन आला, "लवकर या, दार फोडतोय." वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी निदान केलं होतं की बाई आत घसरून पडल्यात.

मी पोचलो तेव्हा सगळी बिल्डिंग दाराशी होती. सुतार पहार घेऊन घामाघूम झाला होता. चेहऱ्यावर काळजी होती, पण आतून फुललेला दिसत होता. "माझंच काम आहे," तो प्रत्येकाला सांगत होता, "हलायचं नाही." मागच्या बाजूला बँकेतले कॅशियर जाळीवर चढले होते आणि शर्ट अडकून तिथेच राहिले होते.

मी खिशातून किल्ली काढली. आजोबांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आंघोळीला गेल्यात ना?"

मी मावशींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. दार फोडायला पहार लावली होती, पण ते हललं नाही, असं सांगितलं.

"पहारीनेसुद्धा नाही?" मावशींनी हळूच विचारलं.

"ओरखडाही नाही."

"आणि मागचं?"

"त्यात कॅशियर अडकलेत."

मावशी हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचं तोंड भरून हसणं ऐकलं नव्हतं. त्या आवाजाने नात जागी झाली आणि रडायला लागली, तशा जास्तच हसल्या. मग मुलीला म्हणाल्या, "अगं, घराच्या काळजीने ते परतीचं तिकीट काढलंय ना उद्याचं, रद्द कर. मी राहते."

इकडे टाळ्या पडल्या. सुताराने वाकून त्या स्वतःसाठी घेतल्या. कॅशियरना कात्रीने सोडवलं आणि तो शर्ट मावशींच्याच मशीनवर मी शिवून दिला. तो त्यांनी पुन्हा घातला नाही.

मावशी तिकडेच राहिल्या. फ्लॅट आता भाड्याने दिलाय. भाडेकरू हवा यावी म्हणून मागचं दार दिवसभर उघडं ठेवतो. अजून काही चोरीला गेलेलं नाही.