आत्या सगळ्यांना हात करायची

चोराने आमच्या गल्लीतून पहिल्यांदा नेले ते दात.

म्हणजे कवळी. मी घरी बसून कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, ते माप खोक्यातून माझ्याकडे येतं आणि तयार कवळी तशाच खोक्यातून परत जाते. त्या दिवशी न्यायला येणाऱ्या माणसासाठी मी खोकं पायरीवर ठेवलं, हात धुवायला आत गेले आणि बाहेर येते तो पायरी रिकामी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांच्या कुंपणाच्या भिंतीवर ती कवळी सापडली, व्यवस्थित ठेवलेली. खोकं उघडल्यावर चोराचा चेहरा कसा झाला असेल, हे कुतूहल मला आजही आहे. ज्यांचे ते दात होते त्या गृहस्थांना मी काही सांगितलं नाही. औषधात बुडवून, घासूनपुसून पाठवून दिले. छान बसले म्हणे.

त्यानंतर खोकी जायचा सपाटाच लागला. कोणाचे पडदे गेले, कोणाचं मिक्सरचं भांडं गेलं. आमच्या गल्लीतली माणसं सकाळी कामावर जातात ती अंधार पडताना परततात. कुरिअरवाला खोकं पायरीवर ठेवतो, बेल वाजवतो आणि पुढच्या दाराला जातो. बिचारा दुसरं काय करणार? पण मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. हे सगळं दिवसाढवळ्या, आत्याच्या खिडकीसमोर चाललं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तळमजल्यावर ती राहते, वर मी. तिची खुर्ची खिडकीत, खिडकी रस्त्यावर, आणि रस्त्यावरून मुंगी गेली तरी आत्याला कळतं अशी तिची ख्याती. गल्लीत तिला ‘कॅमेरा’ म्हणायचे. तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिला ते आवडायचं, पण नाक मुरडल्याशिवाय ती कधी राहिली नाही. लोक येताजाता तिला हात करायचे, तीही हसून हात करायची. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणी नवीन चप्पल घातली, कोणाचं आज बिनसलंय, सगळी बातमी आत्याकडे ताजी. ‘आत्या आहे ना खिडकीत’ म्हणून लोक निर्धास्त राहायचे.

ही नजर तिने कमावलेली होती. आत्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. मागे पांढरा दिवा, पुढे पट्ट्यावरून सरकणाऱ्या रिकाम्या बाटल्या, आणि तिने फक्त बघायचं. तडा, बुडबुडा, काचेचा कण दिसला की बाटली उचलून बाजूला. सलग बघत राहिलं की डोळे फसवायला लागतात, म्हणून तिथे एक रीत होती. डोळा थकला की तपासनिसाने मोठ्याने ‘बदली’ म्हणायचं. लगेच दुसरी येऊन बसायची. कोणी का म्हणून विचारायचं नाही, कोणी हसायचं नाही. आत्या हे फार अभिमानाने सांगायची. ‘लाज वाटून जी गप्प बसली,’ ती म्हणायची, ‘तिच्या हातून गेलेली बाटली कोणाच्या तरी घशात काच घालायची.’

तर अशा बाईच्या नाकासमोरून खोकी जातात कशी? मी कवळी घासता घासता हाच विचार करायचे. दात घासणं हे विचार करायला उत्तम काम आहे.

मग मी आत्याकडेच बघायला लागले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ती समोर बघतच नाही. मान जराशी डावीकडे वळवून बसते. मला वाटायचं मानेचं दुखणं असेल. दुसरी गोष्ट, ती हात जरा जास्तच करते. समोरच्या घराच्या फाटकावर नर्सबाईंनी रेनकोट वाळत घातला होता. वारा आला, रेनकोट हलला, आत्याने हसून हात केला. मी ते वरच्या खिडकीतून पाहिलं आणि शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याची टोपी आणि कोट चढवला, मागच्या दाराने गल्लीला वळसा घातला आणि तिच्या खिडकीसमोरून रुबाबात चालत गेले. आत्याने हात केला. मी कपडे बदलून तिच्याकडे चहाला गेले.

“आत्या, मघाशी इकडून कोण गेलं ग?”

“असेल कोणीतरी ओळखीचं,” ती म्हणाली. “मी हात केला.”

“मी गेले होते.”

आत्याने कप खाली ठेवला. बशीच्या काठावर टेकला तो, जरा कलंडला. तिने चाचपून तो सरळ केला. मग म्हणाली, “टोपी घालून आली असशील. तुझं डोकं एवढं मोठं नाही.”

सगळं बाहेर आलं ते त्या चहावर. नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच जाऊन आली होती. गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. “तुझ्याकडे पाहिलं की तुझे कान दिसतात,” आत्या म्हणाली, “तोंड नाही. तोंड पाठ आहे म्हणून चालतंय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कोणाला? दादाला?”

दादा म्हणजे तिचा मुलगा. दूरच्या शहरात राहतो, स्वभावाने चांगला आहे, आणि आई एकटी राहते याचा त्याने धसका घेतलेला आहे. त्याचं घर खूप वर आहे. तिथल्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. आत्या एकदा तिथे राहून आली आणि महिनाभर तोंड पाडून बसली होती. डोळ्यांचं कळलं असतं तर दादा गाडी घेऊनच आला असता. आणि गल्लीला कळलं असतं तर? ज्या गल्लीचा ती डोळा होती, तिथे तिचं काय उरलं असतं? “म्हणून मी सगळ्यांनाच हात करते,” ती म्हणाली. “चुकून ओळखीच्याला नाही केला असं व्हायला नको. तू कोणाला सांगू नकोस.” मी कबूल केलं. मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

आणि त्याच आठवड्यात नर्सबाईंचे बूट गेले.

नर्सबाई समोर राहतात. दिवसभर वॉर्डात उभ्या राहून त्यांचे पाय सुजायचे, म्हणून मऊ तळव्यांचे खास बूट त्यांनी मागवले होते. वाट बघून बघून आले आणि पायरीवरून गेले. पण या वेळी चोराच्या दुर्दैवाने वकीलसाहेबांनी दाराच्या बेलमध्ये कॅमेरा बसवून घेतला होता, खराखुरा. रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला आत्याच्याच बैठकीच्या खोलीत जमवलं आणि फोन टेबलावर उभा केला.

चित्रण लांबून केलेलं होतं पण स्पष्ट होतं. टोपी पुढे ओढलेला एक किडकिडीत माणूस नर्सबाईंच्या पायरीवरून खोकं उचलतो, वळतो आणि जागीच थबकतो. खिडकीत आत्या. आत्या हसून हात करते. तो माणूस क्षणभर गोंधळतो. मग तोही हात करतो आणि सावकाश, पाव आणायला निघाल्यासारखा चालत जातो.

दुसरीकडे कुठे पाहिलं असतं तर मी हसून लोळले असते. खोलीत कोणी हसलं नाही.

“आत्याबाई,” वकीलसाहेब म्हणाले, “हा हात तुम्ही केलात?”

आत्याने फोनच्या दिशेने पाहिलं, मग मान जराशी डावीकडे वळवली. “मीच केला.”

“म्हणजे हा तुमच्या ओळखीचा.”

नर्सबाई आत्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय आलं ते स्पष्ट दिसत होतं आणि ते मनात आल्याची त्यांना लाजही वाटत होती. माझ्या तोंडाशी शब्द आले. आत्याने माझा हात घट्ट धरला आणि मी गप्प बसले.

वकीलसाहेबांनी मात्र पुढचं मनाशी जुळवूनच आणलं होतं. “मला वाटतं हा आपला कुरिअरवाला आहे. अंगकाठी तीच, टोपी तीच. कुठल्या दारात काय ठेवलंय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? गणवेश उतरवून यायचं, झालं. तुम्ही त्याला रोज बघता, म्हणून हात केलात. तुमची त्यात काय चूक? तुम्ही फक्त हो म्हणा, मी त्याच्या कंपनीला कळवतो.”

एवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं. कुरिअरवाला उभा होता. दार उघडंच होतं, माझं खोकं घेऊन तो सहीसाठी आला होता आणि शेवटचं सगळं त्याने ऐकलं होतं. खोकं त्याने छातीशी धरलं होतं.

“साहेब, मी नाही तो,” तो म्हणाला.

सगळे आत्याकडे बघत राहिले. वाट इतकी सोपी होती. एक ‘हो’ म्हटलं की नाव शाबूत, खिडकी शाबूत, दादाचं घर लांबच्या लांब. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिने माझा हात सोडला आणि पाठ ताठ केली.

“बदली,” आत्या म्हणाली.

कोणालाच काही कळलं नाही. मला कळलं आणि माझे डोळे भरून आले.

“कारखान्यात आम्ही असं म्हणायचो,” ती म्हणाली. “डोळा चालेना झाला की. मला हे फार आधी म्हणायला हवं होतं. मला दिसत नाही. हा माणूस कोण ते मला माहीत नाही. मी सगळ्यांना हात करते, कारण मला कोणीच ओळखू येत नाही. याचं नाव यात घालू नका, माझ्याकडून हो मिळणार नाही.”

वकीलसाहेबांनी फोन उचलून खिशात ठेवला. मग उठून त्यांनी कुरिअरवाल्याला स्वतःची खुर्ची दिली. तो बसला नाही.

“आत्या,” त्याने विचारलं, “मी रोज गल्लीच्या तोंडाशी तुम्हाला हात करायचो. तो पण नाही दिसायचा?”

“हात दिसायचा रे. कोणाचा ते नाही कळायचं.”

त्याने मान हलवली. माझी सही घेतली आणि गेला. त्याच्यामागोमाग बाकीचेही उठले. मला वाटलं, संपलं. आत्यालाही तसंच वाटलं असावं, कारण ती दुपारभर खिडकी लावून बसली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर टकटक झाली. नर्सबाई होत्या, घरची खुर्ची उचलून आणलेली, पायांत जुने बूट. “बदली आली,” त्या म्हणाल्या. “काल माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं होतं, आत्या. मला आत घ्या.” त्यांनी खुर्ची आत्याच्या शेजारी लावली, पाय स्टुलावर टाकले आणि जे दिसेल ते सांगायला सुरुवात केली. पण दिवसपाळी करून आलेली बाई किती वेळ जागणार? पाचव्या वाक्याला त्या घोरायला लागल्या.

खरी युक्ती केली ती कुरिअरवाल्याने. गल्लीत शिरताच त्याने ललकारी दिली, “आत्या, मी खोकीवाला. वकीलसाहेबांचं एक, तुमच्या भाचीचे दात.” मगच त्याने हात केला आणि आत्यानेही केला. त्याचं ऐकून बाकीचेही बोलायला लागले. “आत्या, मी मधल्या घरातली, भाजी आणायला चाललेय.” “आत्या, मी तिचाच नवरा, पिशवी विसरली ती.” वकीलसाहेब तर खिडकीसमोर थांबतात, घसा साफ करतात आणि “मी वकील” असं शपथेवर सांगितल्यासारखं सांगतात. बातम्या आता पूर्वीपेक्षा जास्त येतात, कारण बोलायला लागलं की माणूस नावावर थांबत नाही. दादाचा फोन आला तेव्हा आत्याने स्वतःच त्याला डोळ्यांचं सांगून टाकलं. तो यायला निघाला होता. “ये, पण मला न्यायला येऊ नकोस,” ती म्हणाली. “इथे मला काम आहे.”

आणि परवा तो आला. चोर.

रविवारची दुपार, सगळे घरी. नर्सबाई सुट्टीच्या दिवशीही इमानेइतबारे बदलीवर होत्या, म्हणजे खुर्चीत झोपल्या होत्या. मी वर कवळी घासत होते. रस्त्यावर पावलं वाजली. बोलणं काही आलं नाही.

“कोण?” आत्याने विचारलं.

पावलं थांबली.

“कोण आहे, बोला की,” ती म्हणाली, या वेळी गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. मधल्या घराची खिडकी उघडली. वकीलसाहेबांचं दार उघडलं. मी तशीच, हातात कवळी घेऊन, जिना उतरून धावले. किडकिडीत पाठ आणि पुढे ओढलेली टोपी कोपऱ्यावरून वळताना तेवढी दिसली. वळता वळता त्याने सवयीने खिडकीकडे हात केला. वकीलसाहेबांच्या पायरीवर त्यांचं खोकं जिथल्या तिथे होतं.

मी खिडकीपाशी आले. आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

“हळू बोल, बदली झोपलीय,” ती म्हणाली.

“कोण होतं ग?”

“ओळखीचं नव्हतं,” आत्या म्हणाली, आणि मान जराशी डावीकडे वळवून पुन्हा रस्त्याकडे लक्ष देऊन बसली.