गालावरचे वळ

मला बघायला आलेला मुलगा पोह्यांची बशी मांडीवर घेऊन झोपला. डुलकी नव्हे, चक्क झोपला. त्याचा मामा मला विचारत होता, "म्हावऱ्याचं कालवन येतं का करायला?" आणि मी उत्तर देणार तेवढ्यात मुलाने घोरून घेतलं. सकाळपासून आत्याने मला नटवलं होतं, नवी साडी पायात अडकत होती, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो माझ्याकडे एक नजरही न टाकता गार झाला होता. मला इतका राग आला की हातातला चहाचा ट्रे मी जरा जोरातच आपटला. तरी तो उठला नाही.

हे सगळं घणसोली गावात, आमच्या ओटीवर, भरदुपारी चाललं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेती नव्या शहरासाठी गेली होती आणि बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याचा ट्रक चालवत. मुलगा नावड्याचा, आमच्यातलाच. नाशिककडचा कांदा ट्रकने तुर्भ्याच्या बाजारात आणायचा. आत्या म्हणायची, ड्रायव्हरला मुलगी देऊ नये, घरी येईल तेव्हा खरा. मला त्याचं काही वाटत नव्हतं, मी ड्रायव्हरचीच मुलगी. शिवाय मुलगा दिसायला बरा होता. झोपेतही बरा दिसत होता, हे मी रागातसुद्धा पाहून घेतलं.

मामाने त्याला कोपराने ढोसलं. "उठ रे, लाज काढलीस." मुलगा दचकला. उजवा पाय त्याने जमिनीवर असा दाबला की बशी उडाली आणि पोहे ओटीभर झाले. झोपेत त्याने ब्रेक मारला होता. मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत.

"किती येळ गाडीवर हायस?" त्यांनी विचारलं.

"काल सकालपासून, काका. कांदा उतरवला नि सरल इकडं आलो. आता परत नाशिकला जायाचं हाय, मालक थांबलाय."

बाबांचा चेहरा उतरला. ड्रायव्हरने दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये, पाच तास झाले की अर्धा तास तरी थांबावं, असा कायदा आहे हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाहेर तो कुणी पाळत नसे. मालकाला माल वेळेवर हवा, ड्रायव्हरला पुढची खेप हवी. बाबांचा एक जोडीदार कसारा घाटात डोळा लागून गेला, तेव्हापासून आमच्या घरापुरता तो कायदा आईने हातात घेतला होता. बाबा घरी आले की ट्रकची चावी आईच्या कनवटीला जायची. जेवण आणि झोप झाल्याशिवाय ती परत मिळत नसे. बाबांनी आरडाओरडा करून पाहिला, लाडीगोडी लावून पाहिली. आई ढिम्म.

"झोपेत गाडी हाकनाऱ्याला मी पोरगी देनार नाय," बाबा म्हणाले. तोवर मला कळलंच नव्हतं की मला तो हवा आहे.

मामा उसळला. "पोरगा मेहनती हाय, त्यात वाईट काय?" तेवढ्यात आई आतून आली आणि मुलापुढे हात पसरून म्हणाली, "चावी दे." तो इतका गांगरला की खिशातून चावी काढून त्याने तिच्या हातावर ठेवली. आईने ती कनवटीला लावली आणि मागल्या दाराकडे बोट दाखवलं. "तिथं बाज हाय. झोप जा."

बघायला आलेला मुलगा मुलीच्या घरी बाजेवर झोपवला, ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. शेजारणी पीठ मागायला, मीठ मागायला येत राहिल्या आणि मागल्या दारात डोकावून जात राहिल्या. मामा बाहेर बदामाच्या झाडाखाली धुसफुसत बसला. मी साडी बदलली, भांडी घासली आणि चौथ्यांदा तीच भांडी घासायला घेतली तेव्हा आत्या हसली.

उन्हं कलली तेव्हा तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. केस विस्कटलेले, डोळे स्वच्छ, आणि एका गालावर बाजेच्या सुंभाचे लालभडक वळ. त्याने आईकडे चावी मागितली. आईने ती कनवटीतून काढली आणि माझ्या ओल्या हातात दिली. "दे नायतर नको देऊ," ती म्हणाली, "तुझं तू बघ." आणि ती चक्क निघून गेली.

मी चावी मुठीत धरली. मग जे पोटात होतं तेच विचारलं. "घाटात झोप आली तर काय कराल?"

"गाडी बाजूला घेईन," तो म्हणाला.

"नि मालक बोंबलला तर?"

"बोंबलू दे." त्याने गाल चोळला. "मी उशिरा येईन, पन येईन."

मी चावी दिली. बाबांनी हे सगळं दाराआडून ऐकलं असणार, कारण लगेच ते मामाला हाका मारायला बाहेर धावले. सुपारी फुटली ती त्याच आठवड्यात.

लग्नानंतर नावड्यात शेजारच्या बायका नवऱ्याची गाडी वेळेवर आली की खूश व्हायच्या. माझं उलटं होतं. आमचे हे वेळेच्या आधी आले की मी चावी काढून घ्यायची आणि जेवण वाढेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. उशीर झाला तरी जिवाला घोर लागायचाच, नाही असं नाही. पण ट्रकचा आवाज आला की मी दारात जायची आणि आधी त्यांचा गाल बघायची. कुठल्या तरी ढाब्यावरच्या बाजेचे वळ त्यावर उठलेले असायचे. मग मी चहा टाकायची.