जीशानचं ‘कबूल’

दारव्ह्यात माझ्या स्कूटीला जीशानशिवाय कोणी हात लावलेला मला खपत नाही. मेकॅनिक अव्वल, पण तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक आलं की हा गाडीखाली शिरायचा आणि बोलणी करायला त्याची आई हजराबी घरातून यायची. लोक त्याला आखडू म्हणायचे, तेव्हा माझं डोकं फिरायचं. बिचारा भीतीनं घामाघूम झालेला असायचा.

मग निलोफरचं स्थळ जमलं. तिनं एकच निरोप धाडला, निकाहातलं ‘कबूल है’ मला पडद्यामागे ऐकू आलं पाहिजे. भरल्या मंडपात बोलायचं म्हटल्यावर जीशाननं जेवणच सोडलं, लग्न मोडा म्हणाला. शेवटी मीच त्याला यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आणि सोबत गृहपाठ: आठवडी बाजारात जायचं, भाव विचारायचा आणि काही न घेता परत यायचं. पठ्ठ्या गोळी घेऊन, हिंमत कधी येते त्याची वाट पाहत गाडीखालीच पडून राहिला. पुढच्या खेपेला डॉक्टर हसले. म्हणाले, “अरे, गोळी म्हणजे ग्रीस. चाक तं तुलेच फिरवा लागन.”

ही भाषा त्याला कळली. बाजारात गेला, भावही विचारला, पण ‘नको’ म्हणायला जीभ उचलेना. दुधी घेऊन आला. पुढच्या बाजारी पुन्हा दुधी. हजराबी भाजी करून कंटाळली, आमच्याही घरी डबे येऊ लागले, आणि मला तर दुधी मुळीच आवडत नाही. एकदा मात्र तो रिकाम्या हातानं माझ्या दारात उभा राहिला.

“अनघाकाकू, नको म्हटलं मी. बाई रागावली. मले काही झालं नाही.”

चेहरा हसरा होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथंच चहाला बसवलं.

निकाहाच्या दिवशी नेमकी लाइट गेली आणि माइक बंद पडला. मी बायकांत, निलोफरच्या शेजारी होते. पडद्यापलीकडे काझींनी जीशानला विचारलं. निलोफरनं माझं मनगट घट्ट धरलं. मग आवाज आला, कापरा पण स्वच्छ, “कबूल है.” हजराबीनं पदरात तोंड लपवलं.

काझींनी पुन्हा विचारलं. या वेळी तो रस्त्यावरच्या जीपवाल्यांनाही ऐकू गेला असेल.

निलोफर हसू दाबत माझ्या कानाशी म्हणाली, “काकू, आता त्यायले म्हणा, हळू बोललं तरी चालते.”