मामलेदाराचं पाणी

थोंगबाईनं आयुष्यात किती बेडूक सोलले असतील याची गणती नाही. बेडकाची आमटी करावी तर तिनंच, हे थायलंडातल्या अख्ख्या यसोथोनच्या बाजाराला मान्य होतं. तरी चार वर्षांपूर्वी विकायला बांधलेल्या बेडकांच्या जुडीतून निसटून तिच्या पायावर येऊन बसलेला एक बेडूक काही तिनं पातेल्यात टाकला नाही. तो पळाला नाही, हलला नाही, नुसता जेवणाची वाट बघत ऐटीत बसून राहिला. म्हणून तिनं त्याचं नाव मामलेदार ठेवलं.

तिचा धंदा तळलेल्या रातकिड्यांचा. मामलेदार काचेच्या बरणीतून गाडीवर यायचा आणि रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांसमोर एक जिवंत रातकिडा मटकवायचा. "साहेबांनी पास केलाय माल," म्हणत थोंगबाई पुड्या बांधायची.

आणि या साहेबांनी आता बारा दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. रातकिडा नाकावरून चालत गेला तरी डोळा हलेना. मांड्या सुकल्या, पोट लालसर दिसायला लागलं.

शेजारच्या गाडीवर सॉसेज भाजणारी सोमपिट तर टपलेलीच होती. "मावशी, तुमच्या बेडकालाच तुमचा माल चालत नाही, मग आम्ही कशाला खायचा?"

सगळे हसले. कुणाचं बोलणं कधी अंगाला लावून न घेणारी थोंगबाई त्या दिवशी बरणी उचलून लवकर घरी निघाली. माल गेला खड्ड्यात, तिला त्या जिवाचा लळा लागला होता आणि तो डोळ्यांदेखत संपत चालला होता.

घरी नवऱ्यानं, बुनमानं, विचारलं, "आमटीला लिंबाची पानं तोडून आणू का? उद्यापर्यंत नुसती हाडं उरतील."

"त्याला हात लावून बघ, तुलाच फोडणीला टाकते."

गांडुळं झाली, पतंग झाले, बरणी उन्हाला ठेवून झाली. राहता राहिलं ते एकच. अंगातलं ख्वन, म्हणजे जिवाचं चैतन्य, कुठंतरी मागे राहून गेलं की माणसाचं अन्न तुटतं, ते हाक मारून परत आणावं लागतं. माणसाचं तुटतं तर बेडकाचं का नाही? भर दुपारी तिनं केळीच्या पानावर चिकट भाताचा गोळा आणि उकडलेलं अंडं मांडलं, परतलेलं ख्वन बांधून ठेवायला पांढरा दोरा घेतला. बुनमा आंबट तोंड करून बरणी धरून बसला.

"ये रे ख्वन," तिनं आपल्या आईच्या सुरात सुरुवात केली. "रानात राहू नको, वाटेत थांबू नको. आपल्या घरी ये, आपल्या भाताशी ये, आपल्या पाण्यात ये..."

ती थांबली.

"विसरलीस ना पुढचं?" बुनमा म्हणाला.

"म्हाताऱ्या, याचं पाणी कुठंय?"

दोन आठवड्यांपूर्वी अंगणात नळ आला होता. साहेबाला सरकारी पाणीच शोभतं म्हणून तिनं रांजणातलं पावसाचं पाणी बंद करून त्याला रोज नळाचं ताजं पाणी द्यायला सुरुवात केली होती. घरात मात्र ते कुणी पीत नव्हतं, औषधाचा वास यायचा.

"आपण जे तोंडात घेत नाही, त्यात मी याला बुडवून ठेवलं," म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

बुनमा उठला आणि रांजणातून तांब्या भरून घेऊन आला. बेडकाच्या पायावर दोरा टिकेना, तेव्हा तिनं तो बरणीच्या गळ्याला बांधला.

दुसऱ्या दिवशी पोटाची लाली उतरली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती बरणी गाडीवर घेऊन आली.

"अजून उपासच का साहेबांचा?" सोमपिटनं विचारलं.

थोंगबाईनं बरणीत एक रातकिडा सोडला. तो काचेवर चढायला लागला. मामलेदार सावकाश त्याच्याकडे वळला. गिऱ्हाइकं पुढं वाकली. मग जीभ बाहेर आली कधी आणि रातकिडा गेला कधी, ते कुणालाच नीट दिसलं नाही. बाहेर राहिलेली तंगडी त्यानं हातानं तोंडात ढकलली. पाठोपाठ दुसरा गेला, तिसरा गेला.

थोंगबाईनं बरणी डोक्यावर उचलली आणि अख्ख्या बाजाराला फेरी मारली. सॉसेजच्या गाडीवरून तर दोनदा गेली.

ती परत आली तेव्हा सोमपिट उभी होती. "द्या एक पुडी."

"देते की. पण पहिला इथंच खायचा, साहेबांसारखा, सगळ्यांसमोर."

सोमपिटनं इकडे तिकडे बघितलं आणि एक रातकिडा तोंडात टाकला. मामलेदार काचेला नाक लावून तिच्या हातातल्या पुडीकडे बघत बसला होता.