गवतच तर कापायचंय

खंडेनवमीच्या सकाळी माझ्या माहेरच्या ओट्यावर एक वास दरवळत असतो. धुतलेल्या लोखंडाचा, ओल्या झेंडूचा आणि ताज्या सारवणाचा मिळून झालेला हा वास वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी येत नाही. आश्विनाचं धुतल्यासारखं ऊन तिरपं आत येतं आणि पाटावर मांडलेल्या कोयत्या-कुऱ्हाडींच्या पात्यांवर क्षणभर थांबतं. लहानपणापासून मला देवघरातल्या पूजेपेक्षा ही हत्यारांची पूजाच अधिक खरी वाटत आली. जे वर्षभर आपल्यासाठी झिजलं, त्याला एक दिवस पाटावर बसवावं, हळदकुंकू वाहावं आणि त्या दिवशी त्याच्याकडून कसलंही काम घेऊ नये, याहून सुसंस्कृत कृतज्ञता कोणती? असं मी वर्गात मुलांना कितीदा रंगवून सांगितलं आहे. गेल्या नवमीपासून मात्र मला या कृतज्ञतेचाच संताप येतो. का येतो ते सांगते. सांगितल्यानं तो ओसरेल अशी आशा मला नाही.

मी राहते शहराच्या कडेला, पडेगावात, आणि माहेर किल्ल्याच्या पलीकडे, बसनं अर्ध्या तासावर. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी असतात. शेत दादाच्या नावावर आहे असं सातबारा म्हणतो. शेती वहिनी करते. दादा वाळूजच्या एका कंपनीत यंत्रावर असतो, शिफ्टच्या बसनं जातो-येतो. गोठ्यात एक म्हैस आहे. ती वहिनीची स्वतःची, माहेराहून आलेल्या रेडीची तिनं वाढवून केलेली. त्या म्हशीला वहिनीचा हात लागला तरच ती पान्हा सोडते, दुसरं कुणी बसलं की चोरते. वहिनीला या गोष्टीचा फार अभिमान. तिच्या आयुष्यात जिथे तिच्यावाचून अडतं आणि ते सगळ्यांना मान्य असतं, अशी ती एकच जागा असावी.

दोन-तीन वर्षांपूर्वी दादाला डोंगरांचा नाद लागला. कंपनीतली मंडळी रविवारी म्हैसमाळला जातात, कधी गौताळ्याच्या बाजूला तंबू ठोकतात, शेकोटी करतात, फोटो काढतात. नादाबरोबर वस्तू आल्या. टोपी आली, बूट आले, आणि गेल्या पावसाळ्यात आला तो चाकू. चाकू म्हणून त्याचा अपमान करू नये. दादा त्याला आउटडोअर नाइफच म्हणतो. वितीपेक्षा लांब, काळंभोर, जाड पाठीचं पातं, चामड्याचं म्यान. त्याची किंमत मला विचारू नका. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात, आणि हौस पुरुषाची असली की हे जरा मोठ्यानं म्हणतात. त्या चाकूनं आजवर काय कापलं, तर शेवेची पाकिटं आणि काकड्या. एकदा एक वाळकी फांदी त्यानं उभी चिरली. ते सगळं चित्रीकरण आमच्या घरच्या ग्रुपवर आलं होतं.

पण खरं बोलायचं तर चाकू उत्तम होता. मी हातात घेऊन पाहिला आहे. महाग चाकू घेणं हा निव्वळ मूर्खपणा, असं म्हणून मला सुटता येत नाही. दादानं मला सगळं समजावलं होतं, ओट्यावर बसून, अगदी तल्लीन होऊन. म्हणाला, "शोभे, हे बघ, पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय. सबंध एकच तुकडा हाय. हलक्या मालात काय करत्यात, बोटभर शेपटी लाकडात ठोकत्यात अन् लाख भरत्यात. जोर पडला की मूठ फिरती, अन् मूठ फिरली की पातं आपल्याच हातावर येतं." मग शहरातली म्हण सुनावली, "महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार." वहिनी तेव्हा चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती. हे सारं तिनंही ऐकलं.

म्हणूनच, मला वाटतं, तिला धीर आला. तिच्या सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या वेळचा विळा झिजून चंद्रकोरीसारखा बारीक झाला होता. चार मुठी गवत कापलं की त्याला पुन्हा दगडावर घासावं लागे. आपल्या भाषेनं एकाच शब्दात किती गोष्टी बांधून ठेवल्या आहेत पाहा. पात्याची ती धार आणि दुधाचीही धारच. एक लावायची, एक काढायची. वहिनीचा दिवस या दोन धारांच्या मध्ये सरतो. पहाटे म्हशीची धार काढायची, मग बांधावर जाऊन गवत कापायचं, भारा डोक्यावर आणायचा, आणि संध्याकाळी पुन्हा धार. विळ्याची बोथटली की म्हशीची आटते, इतकं ते सरळ नातं. दादा नवरात्राच्या बाजाराला निघाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एक चांगला इळा आना. जरा मजबूत बघा." दादानं आणला तो आठवडी बाजारातल्या ढिगातला, तकतकीत पिवळ्या मुठीचा. तिनं हातात घेतला, मूठ जराशी हलवून पाहिली आणि म्हणाली, "हलका वाटतोय." त्यावर माझ्या भावाचं उत्तर होतं, "गवतच तर कापायचंय."

हे वाक्य तुम्ही तुमच्याही घरात ऐकलं असेल. शब्द वेगळे असतील. भाजीच तर चिरायची आहे. धुणंच तर धुवायचं आहे. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली सुरी साबणाच्या पाकिटावर फुकट आली आहे, आणि मी शिकलेली, कमावती बाई ती गेली कित्येक वर्षं वापरते आहे. घराघरांतून बायकांची हत्यारं अशीच येतात, कशावर तरी फुकट, नाहीतर कशाच्या तरी उरलेल्यातून.

अष्टमीला दादाचे डोंगरवाले मित्र चाकू बघायला आणि जेवायला आले. नवरात्राचा उपास धरलेली वहिनी दिवसभर त्यांच्यासाठी भाकरी थापत होती. दुसऱ्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो, म्हणून नवमीचा चारा अष्टमीलाच कापून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी तिला बांधावर जायला सवडच झाली नाही.

नवमीला सकाळी मी पोचले तेव्हा पूजा मांडून झाली होती. कुऱ्हाड, कोयता, खुरपी, आईचा तो झिजलेला विळा, आणि मधोमध, म्यानातून काढून, झेंडूच्या माळेत तो चाकू. दादा फोटो काढत होता. नवा विळा मात्र त्यानं पाटावरून उचलून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवला होता. फोटोत तो हलका दिसत होता म्हणे. तेवढ्यात म्हैस हंबरली. वहिनी पदर खोचून उठली. मी म्हटलं, आज कसं कापणार, सगळं पूजेत आहे. ती हसली. "वन्सं, म्हशीला काय म्हाईत आज नवमी हाय का दसरा?" आणि भिंतीजवळचा तो विळा, पूजेच्या लायकीचा न ठरलेला, कामाला मोकळा असलेला एकुलता एक, घेऊन ती बांधाकडे गेली.

थोड्या वेळानं ती परत आली ती डावा हात उजव्या हातात घट्ट धरून. लुगड्याचा सोगा लाल झाला होता. एवढंच म्हणाली, "मूठ फिरली." डाव्या हातात गवताची मूठ धरलेली असते, उजव्या हातानं विळा ओढायचा असतो, विळ्याची मूठ फिरली आणि पातं सरळ डाव्या हाताच्या बोटांवर आलं. दादानं आपलं नवंकोरं उपरणं फाडून हात बांधला आणि तिला मोटारसायकलवर घालून शहरात आणलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. माझा भाऊ दुष्ट नाही. दुष्ट असता तर माझा राग सोपा झाला असता.

डॉक्टर म्हणाले, दोन बोटं वाकवणारी शीर तुटली आहे. जोडली आहे, पण बोटं पहिल्यासारखी वाकतील याची खात्री देता येत नाही. वहिनीनं एकच प्रश्न विचारला. "धार काढता येईल का?" डॉक्टर शहरातले, तरुण; त्यांना तो प्रश्न नीट कळला नसावा. बघू या म्हणाले. आणि बाहेर बाकावर बसलेला दादा मान हलवत मला म्हणाला, "मालच हलका व्हता."

तळपायाची आग मस्तकात गेली. अज्ञानाची चूक मला क्षमा करता येते. ज्याला ठाऊकच नाही त्याला काय बोलणार? पण या माणसाला सगळं ठाऊक होतं. शेपटी, लाख, फिरणारी मूठ, हातावर येणारं पातं, यातला शब्दन् शब्द त्यानंच मला ऐकवला होता. वाळूजला त्याच्या यंत्रावरचं टूल जरा झिजलं की कंपनी ते तत्काळ बदलते, हेही तोच कौतुकानं सांगतो. हलकं टूल लावलं तर माल बिघडतो, म्हणतो. म्हणजे कंपनीत कळतं, डोंगरावर कळतं, आणि स्वतःच्या बांधावर आलं की कळेनासं होतं? की बांधावर बिघडणारा माल हा माल नसून बायको असते, म्हणून चालतं?

महागडा दणकट चाकू घ्यावा की स्वस्तातला पुरे, यावर माणसं तासन् तास वाद घालतात. दादाच्या ओट्यावर मीही ते वाद ऐकले आहेत. रानात, उन्हापावसात, रोज, जोर लावून कापायचं असेल तर चांगलंच हत्यार हवं, हे मला शंभर टक्के मान्य. तर मग मला सांगा, आमच्या घरात रानात, उन्हापावसात, रोज, जोर लावून कापतं कोण? त्या वर्णनात बसणारं माणूस घरात एकच होतं आणि ते चहाचे कप घेऊन उभं होतं. तिच्याकडे बघून कुणाला रान आठवलं नाही. रान म्हणजे तंबू आणि शेकोटी, असं या लोकांचं ठरून गेलं आहे. बाई रोज जिथे जाते तो नुसता बांध.

दिवाळी पट्टीतच गेली. पट्टी निघाल्यावर बोटांचे व्यायाम झाले, गरम पाण्याचे शेक झाले. करंगळीजवळची बोटं मिटतात. ती दोन मात्र ताठच राहिली. शेजारची जाऊ येऊन चारा टाकते, धार काढते, म्हैस पान्हा चोरते, दूध निम्म्यावर आलं आहे. वहिनी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हशीशी बोलत राहते, म्हणजे निदान आवाजानं तरी ती सोडेल. संक्रांतीला मी गेले तेव्हा दादानं माझ्यासमोरच विषय काढला. म्हैस विकून टाकू या, म्हणाला. तुलाही आराम. मग त्यानं पिशवीतून एक विळा काढला. शहरातून मुद्दाम शोधून आणलेला, भारी, पोलादी, लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि आरपार रिव्हेट मारलेला. बैल गेला अन् झोपा केला. घरात एक वस्तू असावी म्हणून आणला, म्हणाला. मूठ अजिबात फिरणार नाही याची. त्यानं तो वहिनीच्या पुढ्यात, फरशीवर ठेवला.

फरशीवरच ठेवायचा असतो. धारेची वस्तू आपल्यात कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर दोघांत भांडण लागतं. वहिनी हे फार कसोशीनं पाळते. मी तिच्या हातून साधी सुरीही कधी घेतलेली नाही. ती ओट्यावर टेकवते, मग मी उचलते.

तिनं विळा उचलला. उजव्या हातात तोलला, अंगठ्यानं धार पाहिली, मूठ हलवून पाहिली. हलली नाही. "चांगला हाय," म्हणाली. मग दोन पावलं पुढे झाली, दादाचा उजवा हात धरला आणि विळा थेट त्याच्या हातात दिला. दादा दचकला. हातात काय देतीस, म्हणाला, भांडण व्हतंय.

"व्हऊ द्या," वहिनी म्हणाली. "म्हैस विकायची नाय. उद्यापासून गवत तुमी कापायचं."

दादा म्हणाला, शिफ्ट असते. ती म्हणाली, "शिफ्टच्या आदी. मी बी चूल पेटायच्या आदीच आनत व्हते." आवाज चढला नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी या रागाचे शब्द जुळवत होते; त्याला सोडवायला त्यातला एकही मी खर्चला नाही.

मी त्या रात्री तिथेच राहिले. पहाटे तो बांधावर गेला. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन एक पेंढी घेऊन आला आणि ती गोठ्यात टाकून कंबर धरून उभा राहिला. म्हशीनं तोंड घातलं. वहिनीनं पेंढीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ही एका घासाची झाली," ती म्हणाली. "अजून आना."