आडवा हात

मनोहरपंत उपासनी बायकोला भेटायला जात ते नेहमी जेवणे आटोपल्यावर. वृद्धसेवागृह चर्चचे होते आणि नातेवाइकांना तिथे दिवसभर मुक्तद्वार होते. तरी कुणी जेवत असताना त्याच्या ताटाशी जाऊन उभे राहू नये, हा शिरस्ता ते साताऱ्याहून न्यू जर्सीत घेऊन आले होते. औषधांच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढलेला हा गृहस्थ वेस्ट विंडसरमधल्या घरी एकट्याने वरणभात खाई, भांडी विसळून पालथी घाली, इस्त्रीचा सदरा चढवी आणि मग गाडी काढी.

शोभनाबाईंना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आले होते. उजवा हात गेला. चाळीस वर्षे कमावलेले इंग्रजीही जवळजवळ गेले. उरले ते फक्त रीतीभातीचे दोनचार शब्द. मराठी मात्र शाबूत होती. घरी जिना, आणि उचलायला ऐंशी ओलांडलेला नवरा. तेव्हा सेवागृहावाचून इलाज नव्हता. दारावरचा क्रूस पाहून मनोहरपंत जरा घुटमळले, तेव्हा चाकाच्या खुर्चीतून त्याच म्हणाल्या होत्या, "देवाचं घर आहे ना? मग झालं. चला आत."

आत सारे नीट होते. चादरी स्वच्छ, माणसे मृदू. जेवणाआधी कुणीतरी लहानशी प्रार्थना म्हणे आणि शोभनाबाई डावा हात छातीशी नेत. तक्रारीला जागा नव्हती, आणि तरी बाई वाळत चालल्या होत्या. बांगड्या आधी कोपरापर्यंत सरकू लागल्या, मग काढूनच ठेवाव्या लागल्या.

थंडी ओसरता ओसरता परिचारिकाप्रमुख मिसेस कार्लसन यांनी बैठक बोलावली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सनीव्हेलहून मुलगा शंतनू फोनवर होता. मिसेस कार्लसन यांनी समजुतीच्या स्वरात सांगितले की शोभना जेवण नाकारते आहे. रोज, प्रत्येक वेळी, शांतपणे आणि स्पष्टपणे नाकारते आहे. गिळण्याची तपासणी झाली, त्यात दोष नाही. पुष्कळ माणसे अखेरीस अशीच अन्नावरून मन काढून घेतात. त्यांची इच्छा मानणे हेच प्रेम. यापुढे वजन करणे, सुया टोचणे बंद करावे आणि त्रास होणार नाही एवढेच पाहावे, असे त्यांचे मत होते.

"बाबा," फोनमधून शंतनूचा आवाज आला, "आईला नको असेल तर आपण फोर्स नाही करू शकत. वी हॅव टु रिस्पेक्ट इट."

मनोहरपंतांना कळले ते एवढेच, की आपल्या बायकोला मरू द्यायचे ठरते आहे आणि ते फार सभ्यपणे ठरते आहे. त्यांनी महिन्याची मुदत मागितली. का मागितली, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

बैठक लांबली आणि ते बाहेर आले तेव्हा भोजनगृहात पाने वाढली जात होती. परत फिरण्याचेही त्राण नव्हते, म्हणून ते दाराजवळच्या खुर्चीत टेकले. इतक्या महिन्यांत बायकोला जेवताना ते प्रथमच पाहत होते.

मार्लीन नावाची मदतनीस बशी घेऊन शोभनाबाईंपाशी आली. मूळची हैतीची, अंगाने थोराड, सदा हसतमुख. "सूप, शोभना?"

शोभनाबाईंनी तिच्याकडे पाहून गोड हसत म्हटले, "नो, थँक्यू." आणि डावा हात अलगद बशीवर आडवा धरला.

मार्लीनने तितक्याच गोडपणे बशी उचलली. भाजी आली. "नो, थँक्यू." आडवा हात. भाजी गेली. खिरीसारखे काहीतरी आले, तेही तसेच परतले. शोभनाबाईंची नजर मात्र त्या वाटीमागोमाग पार पलीकडच्या टेबलापर्यंत गेली.

मनोहरपंत खुर्चीत ताठ बसले. हा आडवा हात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. कुणाच्या घरी पंगतीला बसले की शोभना हाच हात पानावर धरी. पहिल्यांदा वाढायला आले की नको, दुसऱ्यांदा अहो खरंच नको, आणि तिसऱ्यांदा बोटे किंचित उचलली जात, तेवढ्या फटीतून यजमानीण पोळी सरकवी. साऱ्या गावाची हीच रीत होती. इथे मात्र कुणी दुसऱ्यांदा विचारतच नव्हते.

त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "शोभना, भूक लागलीय का तुला?"

"इश्श, हे काय विचारणं? लागणार नाही तर काय!"

"मग नको का म्हणतेस?"

तिने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "माणसं लाख चांगली आहेत हो. पण हात आखडता. एकदा विचारतात नि ताट उचलून चालू लागतात."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"ज्यांच्या घरी राहायचं त्यांनाच नावं ठेवायची?"

"आता पहिल्यांदा विचारलं की हो म्हणत जा. ऐकशील एवढं?"

ती दुखावल्यासारखी झाली. "परक्याच्या दारात बसून, आणा आणा म्हणू? भिकेला लागलोय का आपण?"

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच सांगून पाहिले, तिसऱ्या दिवशीही. ती मान डोलवी आणि बशी पुढे आली की हात आडवा जाई. झटक्याने तिचे पुष्कळ काही पुसले होते. वळण तेवढे पुसले नव्हते, आणि तिच्याशी वाद घालून ते पुसले जाण्यातले नव्हते.

मनोहरपंतांनी पंगतीची ही रीत समजावून सांगितली, ती मिसेस कार्लसन यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतली. "पण ती नाही म्हणते, मिस्टर उपासनी. नाही म्हटल्यावर माझ्या माणसांनी पुनःपुन्हा मागे लागणं हा तिच्या हक्काचा भंग होईल. हा नियम आम्ही फार विचार करून केला आहे."

नियम चुकीचा आहे असे मनोहरपंतांना म्हणवेना. ते स्वतः याच मताचे होते. दिवाळीला विद्यापीठातली मराठी मुले घरी जेवायला येत, तेव्हा शोभना त्यांच्यामागे वाडगे घेऊन फिरे आणि ते तिला दटावत, "त्यांना नको आहे ना, मग एकदा विचारलं की पुरे." मुलेही हसून म्हणत, "काका, काकूंना अडवू नका, प्लीज!"

"नवऱ्याने विचारलं तर चालेल?" त्यांनी विचारले.

मिसेस कार्लसन यांनी हातातली फाईल मिटली. "नवऱ्याला कोण अडवणार? महिनाभर पाहू."

तेव्हापासून ते तिन्ही वेळा भोजनगृहात हजर राहू लागले. अंधारात गाडीच्या काचेवरचे बर्फ खरवडून न्याहारीला यायचे, दुपारचे जेवण, आणि इथले रात्रीचे जेवण ऊन असतानाच उरकते त्यालाही. मधल्या वेळात घरी जाऊन परतायचे बळ नसे, तेव्हा चर्चच्या प्रार्थनागृहात मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. सदऱ्याची इस्त्री सुटली. सिंकमध्ये कालची पातेली राहू लागली.

त्यातून आग्रह करणे त्यांना येत नव्हते.

"घे."

"नको."

"यात प्रथिनं आहेत."

"नको म्हटलं ना."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

शोभनाबाईंनी तोंड फिरवले. "नोटीस बजावल्यासारखं काय विचारता? असा कोरडा आग्रह कुणी करतं का?"

"मग कसा करतात?"

"ते बाईमाणसाला शिकवावं लागत नाही. घास हातात धरायचा. माझ्यासाठी एवढंसं, म्हणायचं. समोरचा नको म्हणाला तरी घास खाली ठेवायचा नाही."

मनोहरपंतांनी चमचा उचलला. इतक्या माणसांत त्यांचे कान तापले. "माझ्यासाठी," ते पुटपुटले. "एवढंसं."

"नको हो."

"एवढंसंच."

"अहो, खरंच नको."

हात दुखू लागला. त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. "शोभना, तुला माझी शपथ."

तिची बोटे बशीवरून जरा वर झाली. तिने तोंड उघडले.

त्यानंतर रोज तेच. दर घासाला नाही, पण दर पदार्थाला तीनदा तरी. कधी ती लवकर मानी, कधी अर्धे जेवण ताटात थिजून जाई. शंतनू फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही आजारी पडाल. रोज पहाटे ड्राइव्ह, मग दिवसभर तिथेच? धिस इज नॉट सस्टेनेबल."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मुदत संपली त्या रविवारी मिसेस कार्लसन मुद्दाम येऊन सांगून गेल्या की वजन घटायचे थांबले आहे. वाढलेले नाही, पण थांबले आहे. तो विषय तूर्त बाजूला ठेवू, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू. मनोहरपंतांनी उठून त्यांचे आभार मानले आणि खुर्चीत बसले ते जवळजवळ कोसळलेच. आणखी एक महिना. तिन्ही वेळा.

रविवारचे विशेष जेवण होते. शोभनाबाईंचे निम्मे झाले आणि मनोहरपंतांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मार्लीन समोर बशी धरून उभी होती; बशीत उकडलेले बटाटे आणि मटार. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. हे घ्या."

"नो, थँक्यू," ते सवयीने म्हणाले.

मार्लीनने मान डोलवली आणि ती वळली. तोच शोभनाबाईंनी डाव्या हाताने बशीची कड पकडली.

"अगं बाई, जातेस कुठे? पुन्हा विचार त्यांना."

मार्लीनला मराठी कळली नाही, पण बशी सुटेना, तेव्हा ती हसत परत वळली. "थोडंसं, मिस्टर उपासनी?"

"नको, खरंच."

"ऐकू नकोस त्यांचं," शोभनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी टेबलावर ओढली. "उपाशी माणूस असाच बोलतो."

मनोहरपंतांनी काटा उचलला. बटाटे गार झाले होते. त्यांनी ते सावकाश, सगळे खाल्ले. मग सदऱ्याची बाही सावरून शोभनाबाईंच्या बशीतला चमचा उचलला, कारण त्यांचे निम्मे अजून व्हायचे होते.