सुनंदाला गटातून काढताना

आमच्या बेंबळीच्या महिला बचत गटाची वेबसाइट मी सांभाळतो. तिच्यावरचा मजकूर बदलायची परवानगी कोडमधल्या ‘संपादक’ गटाला आहे. त्या गटात एकच नाव होतं, माझ्या पत्नीचं. सुनंदा गेल्या महिन्यात वारली.

आज तिच्या जागी शेजारच्या मंगलकाकूंचं नाव घालायला बसलो. काकू बाजूलाच बसल्या होत्या. त्यांना म्हणालो, “आधी सुनंदाला गटातून काढतो.”

काकू भडकल्याच. “तिनंच उभा केलाय गट. तिला काढणारा तू कोण रं?”

“काकू, हा बचत गट नव्हं. हा कोडमधला गट. माणूस नसलं की परवानगी काढून घ्यायची असते.”

“मग राहू दे की. ती कुठं आता काय बदलायला येणार हाय?”

मी तिचा पासवर्ड बंद केला, नाव मात्र गटात ठेवलं.

तुमच्यापैकी कुणाला आपल्या माणसाचं नाव असं काढता आलं का?